हवेतलं रॉकेल

विमान रॉकेलवर उडतं असं मी सांगितलं की आमच्या सोसायटीतल्या बायका माझ्याकडे संशयाने बघतात. रेशनचं निळं रॉकेल नव्हे, पण त्याच घराण्यातलं, जास्त साफ केलेलं. लहानपणी कल्याणात मी कॅन घेऊन रॉकेलच्या रांगेत इतकी उभी राहिलेय की मला त्याचं कौतुक वाटायचं काही कारण नाही. पण नोकरीच्या शेवटी शेवटी मी ज्या प्लांटमध्ये होते, तिथे आम्ही ते जमिनीतून नाही, चिमणीच्या धुरातून काढत होतो. नवरा सगळ्यांना सांगायचा, "आमची ही हवेतून रॉकेल काढते." त्यात अर्धी चेष्टा असायची आणि अर्धा अभिमान, आणि मला दोन्ही चालायचं.

प्लांट ठाण्यात, कोलशेतला, खाडीच्या अंगाला. प्लांट म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. जुन्या गोदामाची एक शेड, तिच्या मागे दोन मजले उंच लोखंडी चौकट, आणि त्या चौकटीत नळ्यांच्या गुंत्यात उभी केलेली तीन मोठी भांडी. शेजारच्या कारखान्याच्या बॉयलरचा धूर पहिल्या भांड्यातून जायचा. त्यातल्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड अडकायचा, आणि द्रावण तापवलं की शुद्ध होऊन सुटायचा. दुसऱ्या भांड्यात सोलरच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढायचा. मग दोघांना तिसऱ्या भांड्यात कोंडायचं, वर उष्णता आणि दाब, आणि आत भरलेले धातूचे दाणे त्यांचं जुळवून द्यायचे. शेवटी मेणचट तेल निघायचं. त्याला तोडून, गाळून विमानाचं इंधन करायचं. ते जळलं की धूर होणारच, त्यात काही जादू नाही. पण तो धूर एकदा वापरून झालेला असतो, जमिनीखालून नवा उकरून काढलेला नसतो. एवढंच त्यातलं पुण्य, आणि मला ते पुरेसं वाटायचं.

मी तिथली लॅब सांभाळायचे. त्याआधी तीस वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते. अठ्ठावन्नला निवृत्त झाले, दोन महिने घरात नवऱ्याशी भांडले आणि इथे लागले. दर मार्चमध्ये एका वर्षाची मुदतवाढ मिळायची.

माझा स्वभाव आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या नाकावर राग असतो. लॅबमध्ये कुणी बाटलीचं बूच जागेवर ठेवलं नाही तरी माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होई. पहिल्यांदा आमचं इंधन तयार झालं आणि ऑपरेटरने बाटली आणून दिली, तेव्हा मी त्याच्यावर उखडले की पाणी काय आणून देतोस. रंग नाही, वास नाही. गंधक नाही म्हणून वास नाही, हे मला कळायला हवं होतं. पण तीस वर्षं मी नाकाच्या जोरावर नोकरी केलेली, आणि इथे नाकाला कामच उरलं नव्हतं. त्या पोराची मी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला वडापाव दिला, त्याने तो खाल्ला, विषय संपला. माझी माफी मागायची पद्धत आयुष्यभर ही अशीच.

लॅबमध्ये माझ्या हाताखाली दोन मुली होत्या आणि भांडी धुणारी एक बाई. माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान, पण सगळे तिला मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. ती कोलशेतच्याच कोळीवाड्यातली. तिची आई खाडीची मासळी टोपल्यात घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायची, तिच्या पाठोपाठ हीपण बसली. मग खाडीत मासळी मिळेनाशी झाली. खाडीत कुणी काय काय सोडलं ते मी कोणत्या तोंडाने सांगू, मी स्वतःच केमिकलमध्ये जन्म घालवलाय. मावशी कंत्राटदारामार्फत आमच्याकडे लागली. घरात दर महिन्याला येणारा पगार तिचा एकटीचाच, आणि मुलगी नर्सिंगला शिकत होती.

तिच्यासारखी भांडी धुणारी मी दुसरी पाहिली नाही. आधी सोड्याच्या पाण्याने घासायचं, मग साध्या पाण्याने तीनदा, मग डिस्टिल्ड पाणी, मग सॉल्व्हंट, मग वाळवायचं. शेवटी ट्यूबलाइटखाली धरून आत बघायचं, आणि सगळं ठीक असलं की भांड्याच्या गळ्यात पिवळं कार्ड बांधायचं. कार्डावर छापलेलं असे: धुतलं, तपासलं. खाली सही. तिला नाव लिहिता येत होतं, पण ती पेन्सिलीने एक छोटा मासा काढायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "नाव कोन पण लिहील, म्याडम. ह्यो मासा मना एकलीलाच येतो."

आमच्या दोघींमध्ये माझा एक स्टीलचा डबा फिरायचा. हा डबा खरं म्हणजे माझा नव्हे, नवऱ्याचा म्हणायला हवा. तो रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्याने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि त्याच्या आईचे सगळे नियम, जे मी पंचवीस वर्षं धाब्यावर बसवले होते, पुन्हा लागू केले. कुणाचंही भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा त्यातला मुख्य. आपण केलेलं काहीतरी घालायचं, आणि काहीच नसलं तर निदान चिमूटभर साखर. तर हा माणूस मावशीसाठी थालीपीठं पाठवायचा, आणि डबा परत यायचा तो सुकट किंवा जवळा घेऊन. एकदा कालवं आली. ती खाऊन नवरा दोन दिवस तेवढंच बोलत होता. डबा रिकामा कधी फिरला नाही. दिवाळीला करंज्या घेऊन गेला, तो तिच्याकडेच होता.

त्या हिवाळ्यात आमच्यावर एक मोठी परीक्षा आली. सहा महिने प्लांट चालवून आम्ही जे इंधन जमवलं होतं, त्याचा पाच लिटरचा नमुना बाहेरगावच्या एका लॅबला पाठवायचा होता. तिथे पास झालं तर पुढे इंजिनात जाळून बघणार. नापास झालं तर पैसे लावणारी मंडळी हात आखडता घेणार आणि शेडला कुलूप. हे सगळ्यांनाच माहीत होतं, अगदी गेटवरच्या वॉचमनलाही.

नमुन्यासाठी विठ्ठलवाडीच्या एका फॅब्रिकेटरकडून स्टीलचा कॅन करून घेतला होता, दुधाच्या किटलीसारखा, फिरकीच्या झाकणाचा. मावशीने तो शुक्रवारी धुतला, मासा काढून कार्ड बांधलं. ती घरी गेल्यावर मी झाकण लावून बघते तर आटे अडकतायत. मी राहते कल्याण पूर्वेला, तिथून विठ्ठलवाडी रिक्षाने दहा मिनिटांवर. म्हटलं, ऑफिसच्या गाडीची वाट कशाला बघा, मीच नेते. कार्ड सोडून पर्समध्ये ठेवलं आणि कॅन कापडी पिशवीत घालून घरी आणला. शनिवारी फॅब्रिकेटरने अर्ध्या तासात झाकण बदलून दिलं. रविवारी कॅन आमच्या ओट्यावर होता. सोमवारी सकाळी मी तो प्लांटवर नेला.

आता नियम असा होता की गेटबाहेर गेलेलं भांडं खराब समजायचं, पुन्हा पहिल्यापासून धुवायचं. हा नियम मीच लिहिलेला, लॅबच्या भिंतीवर माझ्या अक्षरात लावलेला. पण त्या दिवशी कुरिअरची गाडी अकराला येणार होती आणि मावशी मुलीच्या कॉलेजात जाऊन दुपारी येणार होती. मी मनाशी म्हटलं, झाकणच तर बदललंय, आत कोण गेलंय. भरण्याआधी थोडं इंधन आत खळबळवून टाकून द्यायचं असतं, तेही केलं नाही, कारण त्या इंधनाचा थेंब टाकायचा म्हणजे माझ्या जिवावर यायचं. पिवळं कार्ड पुन्हा गळ्यात बांधलं. कार्ड बघितलं, आत बघितलं नाही. कॅन भरला, सील केला, गाडी गेली.

दहा-बारा दिवसांनी रिपोर्ट आला. नमुना नाकारला होता. तळाशी पांढरे, खड्यांसारखे बारीक कण.

आमचे साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे. आवाज चढवणं त्यांना माहीत नाही. त्यांनी रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हे कुठून आलं असेल?" कॅन भरला त्याच दिवशी त्याच नळीतून भरलेली एक काचेची बाटली आमच्याकडे राखून ठेवलेली होती. ती आणली, उजेडात धरली, गोल फिरवली. आत एक कण नाही. म्हणजे इंधन चांगलं आणि दोष कॅनचा. पांढरे कण आणि धुतलेलं भांडं. मला दुसरं काही सुचलंच नाही. धुण्याचा सोडा राहिला होता, आणखी काय.

मी तशीच धुण्याच्या खोलीत गेले. दोन्ही मुली तिथे होत्या, ऑपरेटर चहाचे कप ठेवायला आलेला. सगळ्यांसमोर मी मावशीला म्हटलं, "सहा महिन्यांचं काम तू सोड्यात घातलंस. हे मासळीचं टोपलं नाही, पाणी मारलं नि झालं म्हणायला."

ती म्हणाली, "मी तीन डाव धुतलाय, म्याडम. उजेडात धरून बघितलाय."

"मग सोडा काय आभाळातून पडला?"

तिने हात पुसले आणि धुतलेले फ्लास्क एकेक करून रॅकवर लावत राहिली. मला तिचं ते गप्प राहणंही उद्धटपणाचं वाटलं. जिभेला हाड नसणं म्हणजे काय ते मला आज विचारा. जागेवर येऊन मी साहेबांना लेखी दिलं की धुण्यात हलगर्जीपणा झाला. साहेबांनी ते कंत्राटदाराला कळवलं, आणि कंत्राटदाराने मावशीला सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून येऊ नको. इतक्या साध्या रीतीने माणसाचं काम जातं. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. मला त्या दिवशी बरोबर वागल्यासारखंच वाटत होतं.

गुरुवारी तो कॅन उरलेल्या इंधनासकट परत आला. सोडा होता हे मला कागदावर पक्कं करायचं होतं, कारण पैसेवाल्यांना सांगताना नुसता अंदाज चालणार नव्हता. इंधन गाळलं, गाळणकागदावर चमचाभर कण जमले. सॉल्व्हंटने धुऊन वाळवले, त्यातले थोडे पाण्यात विरघळवले आणि फिनॉफ्थॅलीनचे दोन थेंब टाकले. सोडा असला की पाणी गुलाबी होतं, शाळेतली पोरंही सांगतील. पाणी जसंच्या तसं राहिलं. मला वाटलं बाटली जुनी झाली. आमच्याच सोड्याच्या डब्यातली चिमूट दुसऱ्या नळीत टाकून बघितली, ती झटक्यात गुलाबी झाली.

मग मी आणखी थोडे कण एका बशीत घेऊन हॉटप्लेटवर ठेवले. आधी ते वितळले. मग सोनेरी झाले, मग तपकिरी, मग बुडबुडे आले, आणि वास सुटला. दिवाळीत पाक करताना फोनवर बोलत बसलं की जो वास घरभर होतो, तो. तीन वर्षं ज्या नाकाला काम नव्हतं त्याला त्या दिवशी काम मिळालं. आमच्या लॅबमध्ये साखर आणायला बंदी होती, चहासुद्धा तयार येई. मला ओटा आठवला, कापडी पिशवी आठवली, रविवार आठवला. मी स्टुलावर बसले.

घरी गेले तेव्हा नवरा मेथी निवडत होता. मी चप्पल न काढताच विचारलं, "अहो, त्या रविवारी ओट्यावर माझी पिशवी होती. त्यातल्या भांड्यात तुम्ही काही घातलंत?"

"घातली की," तो म्हणाला. "साखर. घरात दुसरं काही नव्हतं तेव्हा."

"ऑफिसच्या भांड्यात?"

"मला काय ठाऊक ऑफिसचं? मला वाटलं, आपला डबा तिकडे आहे म्हणून मावशींची किटली आलीय. त्यांचं भांडं रिकामं कसं पाठवायचं?"

मी खुर्चीत बसले आणि त्याला सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. नमुना नाकारला हे सांगितलं, साखर सापडली हे सांगितलं, मावशीचं सांगितलं नाही. त्याच्या हातातली मेथी तशीच राहिली. "मी येतो उद्या," तो म्हणाला. "साहेबांना सांगतो, चूक माझी आहे."

"तुम्ही कशाला येताय? भांडं घरी मी आणलं," मी म्हटलं आणि उगाचच त्याच्यावर चिडले. चिडणं मला सोपं पडतं.

शुक्रवारी मी कामावर गेले आणि कुणाला काही बोलले नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते. गाळणकागद माझ्या पर्समध्ये होता. दुसऱ्या कुणी तपासणी केलेली नव्हती, करणारही नव्हतं. सोडा हे कारण सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. मार्च जवळ आलेला, मुदतवाढीचा कागद यायचा होता, आणि मला ती नोकरी मनापासून आवडत होती. शिवाय साखर. तेहेतीस वर्षं नोकरी केलेल्या केमिस्टबाईने विमानाच्या इंधनात साखर पाठवली, हे एकदा बाहेर फुटलं की ठाण्यापासून अंबरनाथपर्यंत लोक हसले असते. त्या दिवशी भांडी मुलींनी धुतली, मला ती परत धुवावी लागली. सिंकच्या वरच्या खिळ्याला कोऱ्या पिवळ्या कार्डांचा गठ्ठा लटकत होता आणि त्याला दोऱ्याने बांधलेली तिची पेन्सिल. मी दिवसभर त्या भिंतीकडे पाठ करून काम केलं.

संध्याकाळी नवऱ्याने चहा दिला आणि सहज विचारलं, "मावशी काय म्हणाल्या? हसल्या असतील."

"ती येत नाही आता," मी म्हटलं.

"का?"

मग सांगावंच लागलं. टोपल्याचं बोलणंसुद्धा. त्याने हातातला कप खाली ठेवला. आमच्या संसारात आवाज चढतो तो माझाच. त्या दिवशीही त्याने आवाज चढवला नाही. "मग तू दोन दिवस इथे काय करतेयस?" एवढंच म्हणाला.

शनिवारी सकाळी मी साहेबांच्या टेबलावर गाळणकागद ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कॅन गेटबाहेर मी नेला, धुवायला मी दिला नाही, आत मी बघितलं नाही, आणि सोडा आहे असं न तपासता मी लिहून दिलं. त्यांनी कागद नाकाजवळ नेला. मला वाटलं हसतील, पण ते हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे इंधन चांगलं आहे, मॅडम. साखर तेलात विरघळत नाही. आपण नवा नमुना पाठवू." आणि पुढे म्हणाले, "पण सोबतच्या पत्रात मला खरं लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हटलं.

रिपोर्टवर सही करायचा अधिकार त्याच दिवशी लॅबमधल्या दोघींतल्या मोठ्या मुलीकडे गेला. ते योग्यच होतं. मी साहेबांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, फक्त जास्त आवाज करून.

"मावशीला मी जाऊन सांगते," मी साहेबांना म्हटलं आणि दुपारी कोळीवाड्यात गेले. घर शोधायला वेळ लागला नाही. ती ओटीवर बसून जवळा निवडत होती. मला बघून उठली, स्टूल दिलं, पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. मी सांगितलं, सोडा नव्हता, साखर होती, ती आमच्या घरातून गेली, तुझी काही चूक नव्हती. कुणाची किटली समजून नवऱ्याने घातली तेही सांगितलं.

"माजी किटली?" ती म्हणाली.

"हो. तुझी समजून."

दाराशेजारी एक जुनं टोपलं उलटं घालून वाळत ठेवलं होतं, तिच्या आईचं असावं. घासून घासून त्याच्या काड्या पांढऱ्या पडल्या होत्या. वास येत नव्हता. माझी नजर तिथे गेलेली तिने बघितली. त्याच वेळी मला बोलायला हवं होतं. बाकी सगळं बोलले, पण टोपल्याचं माझ्या तोंडून निघालं नाही. विसरले असं सांगता आलं असतं, पण विसरले नव्हते.

"मग येऊ का नको?" तिने विचारलं.

"ये. सोमवारपासून ये."

"येते," म्हणाली आणि पुन्हा जवळा निवडायला बसली.

दुसरा कॅन तिने धुतला. मी बाजूला उभी होते. तिने तो ट्यूबलाइटखाली धरून फिरवला, मासा काढला, कार्ड बांधलं, आणि कॅन लॅबमधल्या मोठ्या मुलीच्या हातात दिला. नमुना पास झाला. उणे सत्तेचाळीसच्या थंडीतही इंधन गोठलं नाही, कण नाही, पाणी नाही. पुढे ते एका इंजिनात, जमिनीवरच, जाळून बघितलं. त्याचा व्हिडिओ साहेबांनी सगळ्यांना दाखवला. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, एक इंजिन फिरत होतं आणि आवाज करत होतं. पण मला भरून आलं. पेढे वाटले. मावशीने पेढा घेतला, कपाळाला लावला, खाल्ला. माझ्याशी ती पूर्वीसारखीच म्याडम म्हणून बोलायची, काही विचारलं की उत्तर द्यायची. दिवाळीचा डबा मात्र परत आला नाही, आणि मी मागितला नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, मग त्यानेही सोडून दिलं.

मार्चमध्ये मुदतवाढीचा कागद आला नाही. साहेबांनी बोलावून नीट सांगितलं, मी नीट ऐकलं. शेवटच्या दिवशी मुलींनी केक आणला, ऑपरेटरने फोटो काढले. कपाट रिकामं करून मी निघत होते, तेव्हा मावशी धुण्याच्या खोलीतून पिशवी घेऊन आली.

"तुमचा डबा, म्याडम. माज्याकडं राह्यलेला."

मी पिशवीतून डबा काढला. त्याच्या कडीला पिवळं कार्ड बांधलेलं होतं. धुतलं, तपासलं. खाली पेन्सिलीने मासा. झाकण उघडलं. आत काही नव्हतं. सुकट नाही, जवळा नाही, साखरेचा दाणासुद्धा नाही. कोरडा, स्वच्छ, इतका घासलेला की मला तळाशी माझं तोंड दिसत होतं.

"उजेडात धरून बघा," ती म्हणाली.

मी डबा ट्यूबलाइटखाली धरला. तिच्या सवयीने फिरवला. कुठे डाग नव्हता. हात खाली घेतला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही.

"टोपल्याचं मी बोलायला नको होतं," मी म्हटलं.

"नको होता," ती म्हणाली. मग सिंककडे गेली आणि नळ सोडला.

संध्याकाळी नवऱ्याने डबा हातात घेतला, उघडला, आत बघितलं. कार्डही वाचलं. झाकण लावून डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "उद्या थालीपीठं लावतो. जाताना घेऊन जा त्यांना."

"उद्यापासून मी कुठे जातेय?" मी म्हटलं.